‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा

८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा मराठी वृत्तवाहिन्यांवर ‘कळप’ आणि ‘मेंढपाळ’ हे शब्द वारंवार ऐकू येत होते. त्यानंतरचा पहिलाच रविवार, ११ मे, कॅथलिक पंचांगात ‘उत्तम मेंढपाळाचा रविवार’ म्हणून पाळला जात असल्याने या शब्दांना आणखीच उधाण आले. अर्थात पुणेकरांना हे शब्द ऐकायला रोमपर्यंत जावे लागत नाही. सोसायटीतल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या अंत्यविधीला गेलेल्या कोणाच्याही कानावर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वाक्य बहुधा पडलेले असते. अनेक ख्रिस्ती घरांत ते बैठकीच्या भिंतीवर चौकटीत लावलेलेही दिसते.

ऐकणारा आदराने मान खाली घालून उभा राहतो, पण त्याच्या मनात प्रश्न येतातच. देवाला आई, बाप, राजा किंवा गुरू म्हणणे आपल्या ओळखीचे आहे. पण हडपसरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, संगणकावर काम करणारा माणूस स्वतःला मेंढरू का म्हणवून घेतो? आणि ज्या घरातला कर्ता माणूस काल गेला, ते घर ‘मला काही उणे पडणार नाही’ हे कशाच्या जोरावर म्हणते? या लेखात या प्रश्नांची उत्तरे ख्रिस्ती श्रद्धेच्या आतून, पण ती श्रद्धा नसलेल्या वाचकालाही कळतील अशा रीतीने देण्याचा प्रयत्न आहे. या प्रतिमेबद्दलचा बहुतेक गोंधळ ती सुखरूपतेची हमी आहे असे धरून चालल्यामुळे होतो, असे माझे मत आहे. मूळ मजकूर वाचला तर अशी हमी त्यात सापडत नाही. आपली जबाबदारी कोणी घेतली आहे आणि वाटेत सोबत कोण आहे, एवढेच तो सांगतो, आणि तेही पुष्कळ आहे.

हे वाक्य येते कुठून?

बायबलचे दोन भाग आहेत. यहुदी लोकांचे प्राचीन धर्मग्रंथ असलेला जुना करार आणि येशू ख्रिस्त व त्याच्या पहिल्या अनुयायांविषयीचा नवा करार. जुन्या करारात १५० स्तोत्रांचा एक संग्रह आहे आणि वरचे वाक्य त्यातल्या २३व्या स्तोत्राची सुरुवात आहे. हे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि परंपरेने ते दावीद राजाचे मानले जाते. दावीद बेथलेहेमचा, आठ भावांतला धाकटा आणि घरची मेंढरे राखणारा. कळपावर चालून आलेल्या सिंहाशी आणि अस्वलाशी आपण झुंजलो, असे तो तरुणपणी त्या वेळच्या शौल राजाला सांगतो. तेव्हा मेंढपाळाचे काम या स्तोत्रकर्त्याला पुस्तकातून ठाऊक झालेले नव्हते.

त्या काळच्या पश्चिम आशियात ‘मेंढपाळ’ ही राजाची पदवीही होती. इसवी सन पूर्व अठराव्या शतकातला बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या प्रसिद्ध कायदेसंहितेच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवतो, आणि इजिप्तच्या फारोंच्या हातात राजचिन्ह म्हणून मेंढपाळाची वाकडी काठी असे. त्यामुळे एखादा राजाच जेव्हा ‘माझा मेंढपाळ परमेश्वर आहे’ असे म्हणतो, तेव्हा आपल्याही वर कोणीतरी आहे आणि आपण त्याला जाब देणे लागतो, अशी कबुली त्यात असते. भिंतीवरच्या चौकटीत या वाक्याची ही धार सहसा जाणवत नाही.

दावीदानंतर सुमारे हजार वर्षांनी येशूने हीच प्रतिमा स्वतःला लावली. येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणाऱ्या चार वृत्तांतांना शुभवर्तमाने म्हणतात. त्यांपैकी योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ हे त्याचे वाक्य येते. रोममधल्या भूमिगत दफनस्थळांच्या भिंतींवर तिसऱ्या शतकापासून येशूचे जे चित्र पुन्हा पुन्हा दिसते, ते खांद्यावर मेंढरू घेतलेल्या, दाढी नसलेल्या तरुणाचे आहे. क्रुसावरच्या येशूची चित्रे सर्वत्र दिसू लागली ती बरीच नंतर.

हिरव्या कुरणाचा खरा भूगोल

२३व्या स्तोत्राची जी चित्रे कॅलेंडरांवर छापलेली असतात, त्यांनी वाचकांचे नुकसानच केले आहे असे मला वाटते. त्यांत गालिच्यासारखी हिरवळ असते, मागे निळा तलाव असतो आणि पांढऱ्याशुभ्र झग्यातला गोरापान येशू नुकतेच साबणाने धुतल्यासारखे कोकरू घेऊन उभा असतो. बेथलेहेमच्या पूर्वेला अशी जमीन नाही. तिथून जमीन मृत समुद्राकडे झपाट्याने उतरत जाते. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तर मृत समुद्राजवळचे यरीहो हे गाव समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, आणि दोहोंमधले अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. पाऊस पश्चिमेकडच्या समुद्रावरून येतो आणि डोंगरमाथ्यावर पडून संपतो. जेरुसलेमला वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पलीकडच्या उतारावर तो भराभर कमी होत यरीहोजवळ २०० मिलिमीटरच्याही खाली जातो.

पुण्याच्या माणसाला हा भूगोल वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात बारामतीला पाचशेच्या आसपास मिळाला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रीच्या या पर्जन्यछायेतल्या पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर भागांतले धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात, कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सोबत फिरणाऱ्या कुटुंबांच्या अशा तांड्याला ‘वाडा’ म्हणतात. सासवडच्या रस्त्याला त्या दिवसांत एखादा वाडा आडवा आला की गाड्या खोळंबतात आणि हॉर्न वाजू लागतात. ज्याला घाई नसेल त्याने त्या वेळी नीट पाहावे. एक माणूस खांद्यावर काठी टाकून पुढे चालत असतो आणि मागे वळून न पाहताही तोंडाने विशिष्ट आवाज काढत असतो. त्याच्या मागे काळ्या-तपकिरी दख्खनी मेंढ्या अंगाला अंग घासत सरकत असतात. घोड्यावर भांडी, अंथरुणे आणि कोंबड्यांबरोबर बांधलेल्या झोळीतून दोन-चार दिवसांच्या कोकराचे डोके डोकावत असते. ज्याला अजून चालता येत नाही त्याला उचलून न्यावे लागते आणि व्यालेल्या मेंढीसाठी चाल मंद करावी लागते. यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायात देवाचे वर्णन नेमके असेच येते: कोकरे कवेत घेऊन उराशी धरणारा आणि पिले असलेल्या मेंढ्यांना जपून चालवणारा.

पुढे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललेले असते, ते पाहिले म्हणजे स्तोत्र उलगडू लागते. कोणत्या गावात ज्वारी निघाली आहे, कोणता शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेईल आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देईल, कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे, कोणत्या माळावर लांडगा फिरतो आहे, हे सगळे त्याला ठाऊक असावे लागते. मेंढ्यांना यातले काहीच माहीत नसते. त्यांच्यासमोर आजचे रान असते आणि ओळखीचा आवाज असतो. उद्याचे रान आहे की नाही हे त्यांना दिसत नाही; त्या आवाजामागे चालत राहिल्या की ते येते.

ख्रिस्ती परंपरेत ‘विश्वास’ म्हणतात तो बराचसा हाच. देव आहे असे बुद्धीने मान्य करणे हा त्याचा एक भाग झाला, पण त्याचा गाभा म्हणजे पुढचा मुक्काम दिसत नसताना चालत राहणे. ‘मला काही उणे पडणार नाही’ या ओळीचा आवाकाही यातूनच कळतो. कोरड्या मुलखात कळपासाठी उणे न पडणे म्हणजे आजच्यापुरता चारा आणि आजच्यापुरते पाणी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणे आहे ते रोजच्या भाकरीचे. देवावर विश्वास ठेवा, म्हणजे बंगला आणि गाडी मिळेल, असे सांगणारे प्रचारक या स्तोत्राचा आधार घेतात, तेव्हा ते स्तोत्राचा भूगोल विसरलेले असतात, यापेक्षा कडक शब्द मी वापरत नाही.

मग संकटे का येतात?

हा सर्वांत जुना आणि सर्वांत रास्त आक्षेप आहे. मेंढपाळ इतका काळजी घेणारा आहे, तर निष्पाप मुलाला कर्करोग का होतो, भरल्या घरावर दरड का कोसळते?

प्रथम स्तोत्र काय म्हणते ते पाहू. चौथ्या ओवीत मृत्यूच्छायेची दरी येते आणि वाट त्या दरीतूनच जाते. ती टाळून जाणारा रस्ता सांगितलेला नाही. यहुदियाच्या, म्हणजे बेथलेहेम-जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या, रानात अशा अरुंद, खोल घळी आहेत. तिथे दुपारीही अंधारून येते आणि डोंगरावर पाऊस झाला तर अचानक लोंढा येतो. एका चराईच्या जागेहून दुसरीकडे जायचे तर त्या ओलांडाव्या लागतात. मेंढपाळाच्या हातात तिथे दोन वस्तू आहेत. एक हिंस्र जनावराला हाणायची काठी आणि दुसरी कळपाला वळवायची, अडकलेले मेंढरू ओढून घ्यायची आकडी. जनावर येणारच नसते तर पहिली बाळगायचे कारण नव्हते. पाचव्या ओवीत तर चित्रच बदलते आणि देव यजमान होऊन ताट वाढतो, पण ते वाढतो शत्रूंच्या देखत. शत्रू निघून गेलेले नाहीत. ते समोर उभे असताना जेवणारा जेवतो आहे.

याच्याच आधीचे २२वे स्तोत्र सुरू होते ते ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या आक्रोशाने. ही दोन स्तोत्रे एकामागोमाग ठेवली गेली आहेत, आणि मार्काच्या शुभवर्तमानानुसार येशूने क्रुसावर जे शब्द उच्चारले ते २२व्या स्तोत्राचे होते. मेंढपाळावर विश्वास ठेवणाऱ्याने तक्रार करू नये, रडू नये, असे बायबल सांगत नाही. त्यातली कितीतरी स्तोत्रे सरळ सरळ गाऱ्हाणी आहेत.

‘का’ या प्रश्नाचे हिशेबी उत्तर ख्रिस्ती धर्माकडे आहे, असे कोणी म्हणत असेल तर सावध राहावे. या धर्माकडे जे आहे ते एक कथन आहे. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो असे येशू म्हणाला, आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार त्याने तो दिला. त्याच योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात त्याला ‘देवाचा कोकरा’ म्हटले आहे. म्हणजे राखणारा स्वतः कळपात उतरला आणि कळपाच्या वाट्याचे मरण त्याने भोगले. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून हुकूम सोडत नाही, असा श्रद्धावंत याचा अर्थ घेतो. याने वेदना कमी होते का, याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे.

पुणे जिल्ह्यात या विश्वासाचे उदाहरण शोधायचे तर केडगावला जावे लागते. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही गेले. हे सगळे त्यांच्या वयाच्या पंचविशीच्या आत. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी आयुष्य सुरळीत व्हावे, तर तसेही झाले नाही. मुंबईत काढलेले शारदा सदन त्यांनी १८९० साली पुण्यात आणले आणि पुण्याने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. लाडकी लेक मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तरीही दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवांना गोळा करून त्यांनी केडगावचे मुक्ती सदन उभारले, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. मेंढपाळ पाठीशी असल्यामुळे रमाबाईंची संकटे टळली, असे कोणीही म्हणू शकणार नाही. ज्यांना कोणी राखत नव्हते अशा मुलींना राखण्याचे काम मात्र त्यांनी आपले मानले, आणि या प्रतिमेचे तेच फळ होते.

माणसाला मेंढरू म्हणणे हा अपमान नाही का?

आपल्याकडे ‘मेंढरासारखे मागे जाणे’ हे निंदेचे बोल आहेत, म्हणून हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण मेंढीला मूर्ख ठरवणारे लोक बहुधा मेंढ्यांमध्ये वावरलेले नसतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंढ्यांनी पन्नास वेगवेगळ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखले आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवले. घोळका करून राहणे ही तिची बुद्धिहीनता नसून तिचा बचाव आहे, कारण तिला ना सुळे आहेत ना पंजे.

योहानाच्या दहाव्या अध्यायातही मेंढरांची ओळखण्याची शक्तीच पुढे येते. ती आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, आणि परक्याच्या मागे जाणार नाहीत, उलट त्याच्यापासून पळतील, असे तिथे म्हटले आहे. कोणाच्याही मागे जाणारा तो हा कळप नव्हे. शिवाय मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. गर्दीत हरवलेल्या माणसाला नाव असणे, ही शहरात राहणाऱ्याला क्षुल्लक गोष्ट वाटू नये.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे, आणि तो खेड्यातला माणूस पटकन घेतो. मेंढपाळ मेंढरे सांभाळतो ती लोकरीसाठी, पैशासाठी, आणि शेवटी खाटकाला विकण्यासाठी. मग त्या प्रेमाला काय अर्थ? हे खरे आहे, आणि प्रत्येक उपमेला जशी सीमा असते तशी हिलाही आहे. मात्र बायबलच्या लेखकांना हे सुचले नव्हते असे नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४व्या अध्यायात देव इस्राएलाच्या पुढाऱ्यांना जो जाब विचारतो, तो हाच: तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरे कापता, पण कळप चारत नाही, दुबळ्यांना बळ दिले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांना शोधले नाही. म्हणून मी स्वतःच माझ्या मेंढरांचा शोध घेईन, असे देव तिथे म्हणतो. येशूचे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. मेंढरांच्या जिवावर जगणाऱ्या मेंढपाळांच्या जागी मेंढरांसाठी मरणारा मेंढपाळ येतो. कोणत्याही धनगराला हा व्यवहार आतबट्ट्याचाच वाटेल, आणि तो तसा वाटावा असाच त्या वाक्याचा हेतू आहे.

विश्वास म्हणजे आंधळेपणाने पाळकांच्या मागे जाणे का?

मराठी ख्रिस्ती समाजात मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, धर्मसेवकाला पाळक म्हणतात. कॅथलिक बिशपच्या हातात जो दंड असतो तोही मेंढपाळाच्या काठीच्या घाटाचा असतो. त्यामुळे देव मेंढपाळ, पाळकही मेंढपाळ, तेव्हा पाळक सांगतील ती देवाची आज्ञा, अशी साखळी जुळवणे सोपे जाते. जगात अनेक ठिकाणी धर्माधिकाऱ्यांनी या साखळीचा गैरफायदा घेतला आहे, आणि ते झाकून ठेवण्यासाठीही तीच वापरली गेली आहे. हे न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मजकूर मात्र या साखळीच्या विरुद्ध आहे. यहेज्केलाचा जाब वर आलाच आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा येताच मेंढरे सोडून पळणारा मोलकरी आहे. (पगारी राखणदारांवर हा अन्याय आहे, असे मला नेहमी वाटते, सुप्याच्या माळरानावर रात्रभर जागणाऱ्या कितीतरी गड्यांना तो लागू होणार नाही. पण दृष्टांताचा रोख त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांवर आहे, गड्यांवर नाही.) नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्या प्रमुखांना बजावले आहे की कळपावर धनीपणा गाजवू नका, लोभाने काम करू नका, आणि मुख्य मेंढपाळ दुसराच आहे हे विसरू नका. म्हणजे पाळक हाही आधी मेंढरूच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना सांगितले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा, ते याच अर्थाने.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथेही उपयोगी पडते. बाप्तिस्मा दिलेल्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी आपले ऐकावे असा आग्रह धरला, तेव्हा १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या प्रयासाने झुगारले आहे आणि तसलेच दुसरे मानेवर घ्यायला मी सध्या तयार नाही. देवावरचा त्यांचा विश्वास त्याने उणावला नाही. मेंढपाळाचा आवाज आणि मेंढपाळाच्या नावाने बोलणाऱ्यांचा आवाज यांत फरक करणे हा त्यांच्या दृष्टीने विश्वासाचाच भाग होता. पाळकांना प्रश्न विचारला म्हणून एखाद्याला अविश्वासू ठरवणाऱ्या मंडळीत हे पत्र मोठ्याने वाचायला हवे.

नव्याण्णवांना वाऱ्यावर सोडायचे का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात शंभर मेंढरांपैकी एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. व्यवहारी वाचक विचारतो, की नव्याण्णवांवर लांडगा आला तर? शंभराच्या कळपामागे सहसा एकच माणूस नसतो, हे एक उत्तर. पण दृष्टांत कोणाला सांगितला आहे ते पाहिले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. येशू बदनाम लोकांच्या पंगतीला बसतो, अशी कुरकुर प्रतिष्ठित लोक करत होते, आणि त्यांना दिलेले हे उत्तर आहे. कळपात सुरक्षित असलेल्यांना आपली गैरसोय दिसत होती, आणि दृष्टांत त्यांना हरवलेल्याच्या जागी उभे राहायला सांगतो.

देवाचा आवाज ओळखायचा कसा?

कानात शब्द ऐकू येणे, असा याचा अर्थ बहुतेक ख्रिस्ती लोक घेत नाहीत. बायबलचे वाचन, प्रार्थना, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आणि मंडळीतल्या अनुभवी माणसांचा सल्ला, या चार गोष्टी एका दिशेला बोट दाखवत असतील तर ती वाट धरावी, असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते. चारांपैकी एकीवरच सगळा भार टाकला की घोटाळे होतात.

या विषयावर सर्वांत शास्त्रशुद्ध विचार सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी केला. त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू नगर रस्त्यावरच्या रामवाडीत आजही भावी धर्मगुरूंना शिकवतात. इग्नेशियस यांनी मनाच्या दोन अवस्था वेगळ्या केल्या. एकीत माणसाला आतून प्रसन्नता, धीर आणि इतरांविषयी प्रेम वाटते. दुसरीत कोरडेपणा, खिन्नता आणि देव दूर गेल्याची भावना असते. त्यांचा एक नियम असा की मन दुसऱ्या अवस्थेत असताना, पहिल्या अवस्थेत घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडावी का, लग्न मोडावे का, व्रत टाकावे का, हे रात्री दोन वाजता उद्विग्न मनाने ठरवू नये. श्रद्धा नसलेल्यालाही हा नियम पाळता येईल.

इथेच आणखी एका शंकेचे उत्तर मिळते. देवावर एवढा भरवसा असेल तर डॉक्टरकडे कशाला जायचे, विमा कशाला काढायचा? मेंढपाळ कळपाला रानापर्यंत नेतो, पण चरायचे काम मेंढरांनाच करावे लागते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात दवाखाने आणि शाळा काढल्या, त्या देवावरचा विश्वास कमी पडला म्हणून नव्हे. औषध नाकारून नुसती प्रार्थना करा, असे आजारी माणसाला सांगणारा कोणी भेटला, तर तो जबाबदारी टाळतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यहेज्केलाच्या यादीत जखमी मेंढराला पट्टी बांधणे हे मेंढपाळाचेच काम म्हणून येते.

कळपाबाहेरच्यांचे काय?

पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न शेवटी निघतोच. तुमचा मेंढपाळ तुमच्यापुरता आहे का? योहानाच्या दहाव्या अध्यायात सोळाव्या ओवीत येशू म्हणतो की या मेंढवाड्यातली नाहीत अशीही माझी मेंढरे आहेत. पुढे एक कळप आणि एक मेंढपाळ होईल. बहुतेक भाष्यकारांच्या मते मूळ संदर्भात ही दुसरी मेंढरे म्हणजे यहुदी नसलेले लोक, कारण येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदी होते. काही ख्रिस्ती गट यावरून सर्वांना आपल्या कळपात आणण्याचे कर्तव्य काढतात. काहींना त्यात देवाची काळजी चर्चच्या भिंतींपलीकडेही पोचते असे दिसते. कॅथलिक चर्चने १९६५ साली व्हॅटिकन परिषदेच्या एका घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही असे म्हटले, तेव्हा या दुसऱ्या भूमिकेला बळ मिळाले. या दोन वाचनांतला वाद मिटलेला नाही.

याच ओवीकडे खुद्द ख्रिस्ती लोकांना उद्देशूनही पाहिले जाते, कारण ‘एक कळप’ अजून झालेला नाही. १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली, तरी कॅथलिक, मेथडिस्ट, पेन्टेकॉस्टल आणि इतर मंडळ्या वेगळ्याच आहेत. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन ऐक्यासाठी प्रार्थना करतात, आणि तिथे योहानाचा हा अध्यायही वाचायला घेतला जातो.